बॉयलरचा इन्स्पेक्टर आणि अणुभट्टीचा पहारेकरी



आजचा विषय अणुशक्तीचा असला, तरी सुरुवात मी वाफेपासून करणार आहे. वाफेच्या यंत्राशी आपली ओळख जुनी आहे. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि पुढच्या पन्नास वर्षांत परळ-लालबागच्या आभाळात धुराड्यांचे रान माजले. त्या प्रत्येक धुराड्याच्या पायथ्याशी एक बॉयलर असे. बॉयलर म्हणजे लोखंडी पिंपात कोंडलेली वाफ. दाब वाढला आणि एखादा पत्रा गंजलेला निघाला, की भोवतालची माणसे जिवानिशी जावयाची. १८६३ साली कलकत्त्यास असाच एक मोठा स्फोट झाला. त्यानंतर, म्हणजे १८६४ साली, बंगाल सरकारने बॉयलर तपासणीचा कायदा केला. मग एकेका प्रांताने आपापले कायदे केले आणि १९२३ साली साऱ्या देशासाठी एक कायदा झाला.

या कायद्यातून जो माणूस निर्माण झाला, तो बॉयलर इन्स्पेक्टर. हा गृहस्थ मोठा मजेदार होता. तो गिरणीमालकाचा नोकर नव्हता आणि यंत्र विकणाऱ्या विलायती कंपनीचा एजंटही नव्हता. तो यावयाचा, आग विझवावयास लावावयाचा, आत दिवा घेऊन डोकावायचा, थंड पाण्याचा दाब देऊन पत्र्यांची परीक्षा घ्यावयाचा, आणि मग सर्टिफिकिट लिहावयाचा किंवा लिहावयाचा नाही. नाही लिहिले तर बॉयलर बंद. मालक कितीही बडा असो, गव्हर्नरसाहेबांच्या मेजवानीला जाणारा असो, बॉयलर बंद म्हणजे बंद. निदान कायद्यात तरी तसे होते.

यातला क्रम मात्र ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी यंत्र आले, मग अपघात झाला, मग कायदा आला, आणि सरतेशेवटी इन्स्पेक्टर आला. हा काही एकट्या हिंदुस्थानचा दोष नव्हे. आगगाड्यांचे तसेच झाले, खाणींचे तसेच झाले, इंग्लंडातही तसेच झाले. माणूस ठेच लागल्यावर शिकतो. अणुशक्ती ज्या देशात नव्याने येते, तिथे हा क्रम चालेल काय, एवढाच आज माझा प्रश्न आहे.

चालणार नाही असे पुष्कळांचे म्हणणे आहे, आणि त्याचे कारण भट्टीच्या स्वभावातच आहे. गिरणीचा बॉयलर बंद करावयाचा तर कोळसा घालणे थांबवावे. थोड्या वेळाने तो निवतो. अणुभट्टीचे तसे नाही. युरेनियमच्या विभाजनाची मालिका तुम्ही क्षणात थांबवू शकता. पण विभाजनातून जे नवे किरणोत्सारी पदार्थ तयार झालेले असतात, ते आपल्या मर्जीने तापतच राहतात. भट्टी बंद केल्याच्या क्षणी तिच्या पूर्ण उष्णतेच्या सहासात टक्के उष्णता शिल्लक असते. तास-दोन तासांत ती टक्का-दीड टक्क्यावर येते खरी, पण मोठ्या भट्टीचा एक टक्का म्हणजेही प्रचंड उष्णता, आणि ती पुढे दिवसेंदिवस निघत राहते. चुलीतली लाकडे ओढली तरी निखारे राहतात, तसे हे. मात्र चुलीतले निखारे पाण्याने विझतात. हे निखारे पाण्याने विझत नाहीत. पाणी केवळ त्यांची ऊब वाहून नेते. पाणी थांबले की इंधन वितळू लागते. १९७९ साली अमेरिकेत थ्री माइल आयलंड येथे आणि २०११ साली जपानात फुकुशिमा येथे जे घडले, त्याचे मूळ हेच. तेव्हा पाणी वाहते ठेवणारा पंप, त्या पंपाला वीज देणारे डिझेल यंत्र, त्या यंत्राची तार कोठून नेली आहे, तिची तपासणी गेल्या महिन्यात झाली की नाही, आणि झाली नसताना झाली असे कोणी वहीत लिहिले की काय, असल्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर सारे अवलंबून राहते.

दुसरी अडचण याहून खोल आहे. गिरणीचा मालक खाजगी होता आणि इन्स्पेक्टर सरकारी होता. नव्याने अणुशक्ती घेणाऱ्या बहुतेक देशांत मालकही सरकार असते आणि इन्स्पेक्टरही सरकार असते. शिवाय भट्टी हा राष्ट्राच्या मानाचा विषय झालेला असतो. पंतप्रधान उद्घाटनाची तारीख देऊन बसलेले असतात. अशा वेळी सर्टिफिकिट न लिहिणारा माणूस आणावयाचा कोठून?

१९५३ च्या डिसेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत शांततेसाठी अणू अशी घोषणा केली. १९५५ च्या ऑगस्टात जिनीव्हाला पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि तिचे अध्यक्ष होते आपले होमी भाभा. त्या काळचा उत्साह आज कल्पनेनेच जाणावा लागतो. नुकते स्वतंत्र झालेले, कोळसा-तेलाची वानवा असलेले देश, आणि समोर ही मूठभर इंधनातून शहरे उजळण्याची आशा! अमेरिकेने आणि रशियाने मित्रराष्ट्रांना लहान संशोधन-भट्ट्या देण्याचा सपाटा लावला. १९५७ साली व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडातील विंडस्केल येथे भट्टीला आग लागली आणि आसपासच्या गोठ्यांतले दूध ओतून टाकावे लागले. त्यातून इंग्रज काही शिकले: १९५९ साली त्यांनी परवान्याचा कायदा केला आणि अणुकेंद्रांसाठी वेगळे निरीक्षक नेमले. अमेरिकेत मात्र अणुशक्तीचा प्रसार करणारे आणि तिच्यावर नजर ठेवणारे एकच मंडळ होते, आणि ते १९७४ पर्यंत तसेच राहिले.

हे सांगण्याचे कारण असे की तारापूरचा करार याच काळातला आहे. भारत-अमेरिका करार १९६३ सालचा. जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी कंत्राट झाले १९६४ साली. दोन भट्ट्या, मूळ आराखड्याप्रमाणे प्रत्येकी २१० मेगावॉटच्या, कंपनीने उभ्या करून किल्ली हातात द्यावयाची. त्या वेळी आपल्याकडे स्वतंत्र नियामक नव्हता. तपासणी होत असे, आणि ती करणारी माणसे विद्वान होती. पण त्या समित्या अणुशक्ती खात्याच्याच होत्या. ज्याने विकत घेतले त्यानेच पारखावयाचे, असा मामला. आज याला नावे ठेवणे सोपे आहे. परंतु ज्या देशाकडून आपण भट्टी घेत होतो, तिथेही तोच प्रकार होता, हे विसरता कामा नये. आपण भट्टीबरोबर तिचा कारभारही त्या काळच्या पद्धतीने उचलला, इतकेच.

आणि जे झाले ते सगळेच उणे होते असेही नाही. किरणोत्सारी द्रव्य अशा काळजीने हाताळावे की इतरांनी त्याचा कित्ता गिरवावा, अशी ताकीद भाभांनी १९६० सालीच ट्रॉम्बेच्या लोकांना लेखी दिली होती. डॉ. गांगुली यांच्या हाताखाली आरोग्य-भौतिकीचा विभाग उभा राहिला. कामगाराच्या छातीवर किरणोत्सार मोजणारा बिल्ला लावावयाचा, त्याचा हिशेब ठेवावयाचा, ही शिस्त तिथून आली. तारापूरची भट्टी पेटण्याआधीच तिथल्या समुद्राचे पाणी, मासळी, माती यांची पाहणी सुरू झाली होती. पुढे काही मिसळले तर ते कळावे कसे? आधी काय होते ते ठाऊक असले तरच कळणार. ही गोष्ट साधी वाटते, पण घाईत असलेले देश नेमकी तीच विसरतात. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी तारापूरची वीज रीतसर सुरू झाली.

आता फिलिपिन्सकडे वळू. आपल्यासारखाच तोही त्या पहिल्या उत्साहात सामील झालेला देश, आणि त्याची कथा आपल्या कथेशी ताडून पाहण्यासारखी आहे. अमेरिकेने दिलेली संशोधन-भट्टी मनिलाजवळ १९६३ सालीच चालू झाली होती. १९७३ च्या तेलसंकटानंतर अध्यक्ष मार्कोस यांनी वीजगृहाचा निश्चय केला. जागा ठरली बाटान द्वीपकल्पावरची, मनिलापासून शंभरएक किलोमीटरांवर, समुद्रकाठची. कंपनी ठरली वेस्टिंगहाउस, आणि ती कशी ठरली याबद्दल मार्कोस यांच्या एका निकटवर्तीयाला मिळालेल्या दलालीचे प्रकरण पुढे कोर्टकचेऱ्यांत वर्षानुवर्षे गाजले. ६२१ मेगावॉटच्या एका भट्टीचा खर्च शेवटी दोन अब्ज डॉलरांच्या वर गेला.

मला इथे दलालीपेक्षा महत्त्वाची वाटते ती तपासणीची गोष्ट. फिलिपिन्सच्या अणुशक्ती आयोगाकडे संशोधन, प्रसार आणि परवाना ही तिन्ही कामे एकत्र होती. बांधकाम १९७६ साली सुरू झाले, आणि बांधकामाचा पूर्ण परवाना मिळाला १९७९ च्या एप्रिलमध्ये! घर बांधून होत आल्यावर नगरपालिकेने नकाशा मंजूर करावा, तसे हे. शिवाय जागा होती नातिब नावाच्या ज्वालामुखीच्या उतारावर. तो निद्रिस्त खरा. पण व्हिएन्नाहून १९७८ साली आलेल्या तज्ज्ञांनी ज्वालामुखीचा आणखी अभ्यास करा असे बजावले होते. परवाना निघाला तोही अशा वेळी की थ्री माइल आयलंडचा अपघात होऊन जेमतेम काही दिवस झाले होते. जगभर खळबळ उडाली, तेव्हा मार्कोस यांनी स्वतःच जूनमध्ये काम थांबविले आणि न्यायमंत्री पुनो यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसविली. चौकशीचा निष्कर्ष असा निघाला की आहे त्या स्थितीत हे वीजगृह सुरक्षित नाही. पुढे काही सुधारणा कबूल करवून घेऊन काम पुन्हा चालू झाले.

याच सुमारास अमेरिकेत एक प्रश्न उपस्थित झाला. भट्टीच्या निर्यातीला अमेरिकेच्या नियामक आयोगाचा परवाना लागत असे. काही मंडळींनी मागणी केली की आयोगाने बाटानच्या जागेची, भूकंपाची, ज्वालामुखीची तपासणी करूनच परवाना द्यावा. १९८० साली आयोगाने उत्तर दिले की परक्या देशातील रहिवाशांच्या सुरक्षिततेचा विचार करणे आमच्या अधिकारात बसत नाही. ते त्या देशाने पाहावे. पुढे कोर्टानेही हेच कायम केले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. एक सार्वभौम राष्ट्र दुसऱ्याच्या अंगणात पहारा कसा करणार? पण नवख्या देशांच्या मनातली एक भाबडी समजूत त्या निकालाने कायमची निकालात काढली. विकणाऱ्याच्या देशात सारे कडक असते, तेव्हा ती कडकपणाची हमी मालाबरोबर आपोआप येते, अशी ती समजूत. माल येतो, हमी येत नाही.

बाटानचे वीजगृह १९८० नंतर काही वर्षांत बांधून पुरे झाले. १९८६ च्या फेब्रुवारीत मार्कोस यांची सत्ता गेली, एप्रिलमध्ये चेर्नोबिल झाले, आणि नव्या अध्यक्षा कोराझोन अक्विनो यांनी ते कुलूप लावून ठेवण्याचे ठरविले. एक युनिट वीज न देता त्याचे कर्ज त्या गरीब देशाने २००७ पर्यंत फेडले. १९९१ च्या जूनमध्ये त्याच भागातला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला. बाटानपासून तो साठ किलोमीटरांच्या आत आहे. तेव्हा ही भट्टी चालू असती तर काय झाले असते, हा तर्काचा विषय आहे. त्यात मी शिरत नाही.

तारापूर आणि बाटान यांची तुलना करताना आपण पाठ थोपटून घेऊ नये. आपल्याकडे शास्त्रज्ञ होते, शिक्षणाची सोय होती, आणि भट्टी समजून घेण्याची जिद्द होती, म्हणून आपले निभावले. व्यवस्था मात्र दोघांचीही सारखीच होती. १९७४ च्या पोखरण स्फोटानंतर कॅनडाने आणि मागोमाग इतरांनी मदत आखडती घेतली, तेव्हा तर आपण एकटे पडलो. भट्ट्या आपण आपल्या बळावर बांधल्या, आणि त्याचा अभिमान रास्तच आहे; परंतु इतरांच्या चुकांच्या वहीतून शिकण्याची सोय त्या एकटेपणात कमी झाली.

थ्री माइल आयलंडनंतर आपल्या अणुशक्ती खात्यानेही एक समिती नेमली. मेकोनी समिती या नावाने ती ओळखली जाते. १९८१ साली तिने शिफारस केली की नियमनाचे काम खात्यापासून वेगळे काढून कायद्याने अधिकार दिलेल्या स्वतंत्र आयोगाकडे सोपवावे. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. स्थापन झाले ते मात्र संसदेच्या वेगळ्या कायद्याने नव्हे, तर १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली काढलेल्या एका आदेशाने. मंडळ जाब देणार अणुऊर्जा आयोगाला, आणि आयोगाचा अध्यक्ष तोच खात्याचा सचिव. म्हणजे इन्स्पेक्टरची बढती, बदली आणि पगार गिरणीमालकाच्या कचेरीतून! तारापूरच्या भट्ट्या तोवर चौदा वर्षे चालल्या होत्या.

या व्यवस्थेची परीक्षा दहा वर्षांनी झाली. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातील नरोरा येथे पहिल्या युनिटच्या टर्बाइनची दोन पाती तुटली. अशी पाती तुटू शकतात ही सूचना मूळ आराखडा करणाऱ्या कंपनीकडून आधीच आलेली होती. पाती तुटल्याने यंत्र थरथरले, थंड ठेवण्यासाठी वापरलेला हायड्रोजन वायू बाहेर पडून पेटला, तेल पेटले, आणि आग केबलींच्या मार्गाने पसरली. राखीव विजेच्या तारा वेगवेगळ्या असावयाच्या त्या एकाच वाटेने नेलेल्या होत्या. त्यामुळे सारे राखीव एकदमच गेले. सतरा तास वीजगृहात वीज नव्हती. नियंत्रणकक्षात धूर भरला. काही कर्मचारी हातात बॅटऱ्या घेऊन अंधारात भट्टीच्या इमारतीवर चढले आणि बोरॉनचे द्रावण भट्टीत सोडणाऱ्या झडपा त्यांनी हाताने उघडल्या, जेणेकरून विभाजन पुन्हा सुरू होऊ नये. आग विझविण्यासाठी ठेवलेल्या डिझेल पंपांनी पाणी चालू ठेवले. किरणोत्सार बाहेर पडला नाही. त्या कर्मचाऱ्यांची नावे आपल्या पाठ्यपुस्तकांत असावयास हवी होती.

पण मौज पाहा. मौज हा शब्द इथे बरोबर नाही, तरी वापरतो. तारा एका वाटेने नेऊ नयेत हा धडा जगाला अठरा वर्षांपूर्वी मिळालेला होता. १९७५ साली अमेरिकेत ब्राउन्स फेरी येथे हवेची गळती शोधण्यासाठी एका कामगाराने मेणबत्ती धरली, तिने भोकांत भरलेला फोम पेटला, आणि आगीत शेकडो केबली जळाल्या. नरोराच्या माणसांना हे माहीत नव्हते असे नाही. मात्र माहीत असणे वेगळे, आणि तारा बदलल्याखेरीज भट्टी चालू देणार नाही असे म्हणणारा कोणी असणे वेगळे.

पुढच्या वर्षी, १३ मे १९९४ रोजी, कारवारजवळच्या कैगा येथे बांधकाम चालू असताना भट्टीच्या आतल्या घुमटाचे काँक्रीट कोसळले. इंधन आत नव्हते, म्हणून ती इमारतीची दुर्घटना ठरली. पण तो घुमट म्हणजेच अपघातात किरणोत्सार कोंडून ठेवणारे शेवटचे कवच. मंडळाने काम थांबविले, आराखडा पुन्हा तपासविला, आणि घुमट नव्याने उभा राहिला. इथे मंडळाचे 'नाही' ऐकले गेले, याची नोंद प्रामाणिकपणे केली पाहिजे. त्या वेळचे अध्यक्ष डॉ. गोपालकृष्णन यांनी १९९५ साली खात्याच्या निरनिराळ्या केंद्रांतील शंभरावर सुरक्षाविषयक उणिवांची जंत्री तयार करविली. १९९६ साली त्यांची मुदत संपली आणि ती वाढविण्यात आली नाही. २००० साली भाभा अणुसंशोधन केंद्राच्या भट्ट्या आणि कारखाने मंडळाच्या कक्षेतून काढून घेण्यात आले.

ही गोष्ट भट्ट्यांपुरतीच आहे असे आपणांस वाटत असेल, तर २०१२ सालचा महालेखापरीक्षकांचा अहवाल पाहावा. देशात तेव्हा वैद्यकीय क्ष-किरणांची ५७,४४३ ठिकाणे होती. त्यांपैकी मंडळाकडे नोंदलेली होती अवघी ५,२७०. म्हणजे तुमच्या-आमच्या पेठेतल्या दवाखान्यात फोटो काढणारे यंत्र बहुधा कोणी तपासलेलेच नव्हते. त्याआधी दोन वर्षे, २०१० साली, दिल्लीत एका विद्यापीठाने वापरात नसलेले कोबाल्टचे उपकरण भंगारात विकले, आणि मायापुरीच्या भंगारबाजारात ते फोडणारा एक मनुष्य प्राणास मुकला. पुढे परवान्याची पद्धत संगणकावर आली आणि नोंदणी सुधारली, हेही खरे.

दरम्यान जगात काय चालले होते? चेर्नोबिलनंतर व्हिएन्नात बैठकांमागून बैठका झाल्या. १९९४ साली अणुसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात प्रसार करणारा आणि नियमन करणारा यांत खरीखुरी फारकत हवी असे कलम आले. २००० नंतर पुन्हा अनेक देशांना अणुशक्तीची ओढ लागली, तेव्हा व्हिएन्नाच्या संस्थेने २००७ साली नवख्यांसाठी एक वाटाड्या छापला. त्यात तयारीच्या १९ बाबी आणि तीन टप्पे सांगितले आहेत, आणि पहिल्या विचारापासून पहिल्या विजेपर्यंत दहा ते पंधरा वर्षे लागतील असे बजावले आहे. कायदा, नियामक, शिकलेली माणसे, विजेचे जाळे, कचऱ्याची सोय, विमा, आपत्तीची योजना, असे बरेच काही त्यात येते. भट्टीची खरेदी फार पुढे येते. २००९ पासून ही तयारी तपासणारी पथकेही देशोदेशी जाऊ लागली.

हा वाटाड्या पानापानाने पाळणारा देश निघाला अरबी समुद्रापलीकडचा, संयुक्त अरब अमिराती. धोरण जाहीर झाले २००८ साली. २००९ च्या ऑक्टोबरात कायदा झाला आणि नियामक प्राधिकरण स्थापन झाले. त्यावर मुख्य म्हणून अमेरिकेच्या नियामक आयोगातले मुरलेले अधिकारी विल्यम ट्रॅव्हर्स यांना आणले. डिसेंबरात कोरियाशी चार भट्ट्यांचा सौदा झाला. म्हणजे आधी पहारेकरी, मग भट्टी. बांधकामाचा अर्ज आला २०१० अखेर आणि परवाना निघाला दीड वर्षाने, २०१२ च्या जुलैत. बराका येथील पहिले युनिट २०१७ साली वीज देणार होते. २०१८ च्या मार्चमध्ये कोरियाच्या अध्यक्षांच्या उपस्थितीत ते बांधून झाल्याचा समारंभही झाला. पण चालविणारी माणसे अजून तयार नव्हती, आणि चालविण्याचा परवाना निघाला १७ फेब्रुवारी २०२० रोजी. अब्जावधी डॉलरांची इमारत जवळजवळ दोन वर्षे थांबून राहिली. 

तरीही या उदाहरणाने मी पुरता भारावलेलो नाही. अमिरातींनी पहारेकरीही पगारावर परदेशांतून आणला. तेवढा पैसा किती देशांकडे आहे? शिवाय जिथे वर्तमानपत्रांना मोकळेपणा नाही, तिथे परवाना नाकारल्याची कारणे लोकांपर्यंत किती येतात, ही शंका राहतेच. शेजारच्या बांगलादेशचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. रूपपूरच्या वीजगृहाची कल्पना पाकिस्तानी अमदानीतली, १९६१ ची. स्वतंत्र नियामक कायद्याने आला २०१२-१३ साली आणि पहिले काँक्रीट पडले २०१७ साली. रशिया भट्टी देणार, कर्जही देणार आणि माणसेही शिकविणार. अशा सावकाराला नुकत्या जन्मलेल्या नियामकाने थांब म्हणावयाचे! २०१७ साली आपल्या मंडळाने त्यांच्या नियामकाशी सहकार्याचा करार केला. एके काळचा नवखा आता दुसऱ्या नवख्याला पहारा शिकवू लागला.

आणि शिकविणाऱ्याचे स्वतःचे? फुकुशिमानंतर, २०११ च्या सप्टेंबरात, मंडळाला कायद्याचे अधिष्ठान देणारे विधेयक लोकसभेत आले. २०१४ साली लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक तिच्याबरोबर गेले. २०१५ साली व्हिएन्नाच्या पथकाने हेच सुचविले. अखेर २०२५ च्या डिसेंबरात संसदेने अणुऊर्जेचा नवा कायदा केला, खाजगी कंपन्यांना दार उघडले, आणि त्याच कायद्यात मंडळाला वैधानिक दर्जा दिला. १८६३ चा स्फोट आणि १८६४ चा कायदा यांत एक वर्ष गेले होते. मेकोनी समितीची शिफारस आणि हा कायदा यांत चव्वेचाळीस वर्षे गेली. फिलिपिन्सनेही आपला स्वतंत्र नियामक २०२५ सालीच कायद्याने निर्माण केला. बाटानची ती इमारत अद्याप तशीच उभी आहे.

यापुढचा प्रश्न आपल्या दाराशी आहे. राजापूर तालुक्यात माडबनच्या सड्यावर, जैतापूर येथे, सहा फ्रेंच भट्ट्यांची योजना बरीच वर्षे चर्चेत आहे. त्याच जातीची भट्टी फ्रान्सने फ्लामाव्हिल येथे २००७ च्या डिसेंबरात बांधावयास घेतली. २०१५ साली तिथल्या नियामकाने जाहीर केले की भट्टीच्या पोलादी पात्राच्या झाकणात आणि तळात कार्बनचे प्रमाण काही जागी जास्त आहे. त्यापुढे वर्षानुवर्षे चाचण्या झाल्या, तळ चालेल पण झाकण बदलावे लागेल असा निर्णय झाला, इतरही दोष निघाले, आणि वीज आली २१ डिसेंबर २०२४ रोजी. ज्याने हे सांगितले त्या फ्रेंच नियामकालाही कायद्याने स्वातंत्र्य मिळाले होते ते २००६ साली, म्हणजे पात्राचा दोष जाहीर करण्याच्या अवघी नऊ वर्षे आधी.

आपल्या मंडळाची कचेरी मुंबईत अणुशक्तिनगरात आहे. नियामक भवन म्हणतात तिला. तिथले पुष्कळ अधिकारी आणि ज्यांना त्यांनी तपासावयाचे ते अधिकारी ट्रॉम्बेच्या एकाच प्रशिक्षणशाळेतून आलेले आहेत. ही माणसे कर्तबगार आहेत, यात शंका नाही. माडबनच्या एखाद्या आंबेवाल्याने किंवा नाट्याच्या एखाद्या दालदी कोळ्याने उद्या त्यांना एवढेच विचारले, की ते झाकण इथे आले असते तर कोणत्या प्रयोगशाळेत, कोणाच्या पैशाने तपासले असते, आणि नापास झाले असते तर ते आम्हांला कोणत्या तारखेला कळले असते, तर त्याला उत्तर मिळावयास हवे.